दोन डोंगर, मधे सूर्य आणि आमचा माळ

(मंडळाच्या सप्टेंबरमधल्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवून संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

मी परभणी जिल्ह्यातला. ३१ वर्षं चित्रकला शिकवली, सगळी खेड्यातल्या शाळांमधून. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. लेक इथं नेदरलँड्समधल्या हार्लेमला असते, तिच्याकडं तीन महिन्यांसाठी आलोय. मंडळाच्या ताईंचा फोन आला, "काका, १७ सप्टेंबर जवळ आलाय, मराठवाडा मुक्तिदिनाच्या निमित्तानं काही बोलाल का?" मी म्हटलं, मला चित्रांवरच बोलता येतं, पण बोलू द्या, त्यात मराठवाडा येईल.

आधी शाळेत काढलेलं निसर्गचित्र आठवा. दोन त्रिकोणी डोंगर. मधून उगवणारा सूर्य, त्याला पट्टीनं मारलेले किरण. डोंगरातून निघून वळत वळत पुढं येणारी नदी, काठावर कौलारू घर, शेजारी नारळाचं झाड. बघा, हसताय सगळे. पुण्याचे, नागपूरचे, आमच्या किनवटचे, सगळ्यांनी हेच काढलंय.

आता मराठवाड्याचा डोंगर आठवा. अजिंठ्याची रांग घ्या नाहीतर बालाघाट. माथा सपाट, ताटासारखा, आणि अंगाला पायऱ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, म्हणून हा आकार. देवगिरीसारखा एखादा सुळका सोडला तर त्रिकोणी डोंगर आमच्या लेकरांना बघायलाच मिळत नाही. घरं माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. नारळ देवळात फोडायला बाजारातून आणायचा. नदी म्हणाल तर मार्चनंतर तिच्यात वाळू. तरी वर्गातली ४० पोरं तेच चित्र काढायची, कारण मी फळ्यावर तेच काढून दाखवायचो, आणि माझ्या गुरुजींनीही मला तेच दाखवलं होतं.

हे आधी सांगितलं कारण निसर्गचित्राचा इतिहास मला याच एका प्रश्नातून दिसतो. आपण उभे आहोत ती जमीन चित्र काढण्यालायक आहे, असं माणसाला कधी वाटलं?

फार उशिरा वाटलं. आपल्या अजिंठ्यापासूनच बघू. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर ती लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीपासून पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत कोरलेली. तिथल्या भिंतींवर निसर्ग भरपूर आहे. १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी सगळ्यांना माहीत असतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्याच्या मागं बघा. खडक आहेत, वानरं आहेत, मोर आहेत. १७ नंबरच्या लेण्यात हत्तींचा कळप आणि कमळांची तळी. रंगही बरेचसे तिथल्याच मातीचे. गेरूचा तांबडा, पिवळी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा. निळा तेवढा अफगाणिस्तानच्या लाजवर्द दगडाचा, लांबून आणलेला. पण नुसत्या डोंगराचं, नुसत्या पाण्याचं चित्र तिथं शोधू नका. झाड आहे ते कुणाच्या तरी कथेत उभं आहे. माणूस पुढं, रान मागं.

रान पुढं आणलं ते चिनी चित्रकारांनी. त्यांच्याकडं निसर्गचित्राला शब्दच 'शान-शुई', म्हणजे डोंगर-पाणी. इसवी सन १०००च्या सुमाराचं फान क्वानचं एक चित्र तैपेईच्या संग्रहालयात आहे, दोन मीटरहून उंच. अख्ख्या रेशमावर एकच कडा उभा आणि पायथ्याशी खेचरं हाकत निघालेली माणसं, मुंगीएवढी. चित्रकाराची सही झाडाच्या पानांत इतकी दडलेली की ती सापडायला १९५८ साल उजाडलं. मी ते चित्र छापलेलंच पाहिलंय, पण त्या सहीचा विचार अजून मनातून जात नाही.

युरोपात मात्र निसर्ग बराच काळ खालच्या पंगतीला बसलेला होता. १७व्या शतकात फ्रान्सच्या अकादमीनं चित्रांची उतरंडच लावली होती. सगळ्यात वर धर्माची आणि इतिहासाची चित्रं, मग माणसांची, आणि निसर्गचित्र तळाशी, फळं-भांड्यांच्या जरासं वर.

आणि आता तुमचा हा देश. इंग्रजीतला लँडस्केप हा शब्द इथल्याच 'लँडस्खाप'वरून गेलेला. पण मला गंमत वाटली ती पुढची. इथला आणि शेजारच्या फ्लँडर्सचा मुलूख सपाट. हातावर पाणी ओतलं तरी वाहायचं नाही असा. तरी १६व्या शतकातले इथले चित्रकार काय काढत होते? डोंगर! पाटिनीरच्या चित्रांत निळसर, टोकदार कडे. ब्रूगेलचं १५६५चं 'बर्फातले शिकारी' बघा. खाली फ्लँडर्सचं गाव, गोठलेलं तळं, घसरत खेळणारी पोरं, सगळं घरचं, आणि मागं थेट आल्प्सचे सुळके. ब्रूगेल इटलीला जाऊन आला होता, आल्प्स डोळ्यांनी बघून आला होता, आणि ते सुळके त्यानं आपल्या गावामागं आणून उभे केले. माझ्या वर्गातल्या ४० पोरांनी वेगळं काय केलं होतं?

मग १६०३ साली, याच हार्लेममध्ये, हेंड्रिक गोल्ट्झियस नावाचा चित्रकार गावाबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांवर गेला. मोठा नावाजलेला माणूस, इटलीहून शिकून आलेला. लहानपणी भाजल्यानं उजवा हात वाकडा झालेला, तरी रेघ अशी की बघत राहावं. त्यानं टेकडीवरून समोरचं सपाट रान लेखणीनं काढलं. बांध, झुडपं, लांबवर पसरलेली शेतं. कुठलाही देव नाही, कडा नाही, कथा नाही. त्याच्या मागून एसायस फान डे व्हेल्डे, यान फान खोयेन आले. फान खोयेन तर तपकिरी आणि मातकट हिरव्यावरच अख्खं चित्र निभावून न्यायचा. चैत्र-वैशाखातला आमचा माळ ज्यानं पाहिलाय त्याला ते रंग ओळखीचे वाटतील.

आणि मग रुइसडाल. त्याचं हार्लेमचं एक दृश्य द हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहे, १६७०-७५च्या सुमाराचं. मी जुलैत लेकीबरोबर जाऊन ते पाहिलं. केवढं असेल? जेमतेम ६२ सेंटिमीटर रुंद, साडेपंचावन्न उंच. आपल्या फुल इम्पीरियल कागदात मावेल. खाली गवतावर वाळत घातलेल्या कापडाच्या लांब पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांच्या आसपास बोटाच्या पेराएवढीही नसलेली माणसं. पुढं उन्हाचा एक पट्टा, मग सावलीचा, मग पुन्हा उन्हाचा. मग क्षितिजाची रेघ, तिच्यावर मोठ्या चर्चचा उंचवटा. संपलं. उरलेलं दोन तृतीयांश चित्र म्हणजे आभाळ. ढगांचे थरावर थर, आणि खालची सगळी सावली त्या ढगांची.

सपाट जमीन खोल दाखवायची कशी, हा चित्रकाराचा फार जुना पेच आहे. रस्ता नाही, नदी नाही, मागं डोंगर नाही. नजर आत जाणार कशावरून? रुइसडालनं ती ढगाच्या सावलीवरून नेली. मी चित्रासमोर उभा होतो आणि मला आमचं काळं रान दिसत होतं. आषाढात ढगाची सावली एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पळते, मधेच ज्वारीचा तुकडा उन्हात उजळतो आणि विझतो. तेच ते.

हे चित्र छापलेलं मी पहिल्यांदा २००९ साली एका वाचनालयातल्या पुस्तकात पाहिलं होतं, आणि त्या दिवशी मला झोप लागली नव्हती. का, ते सांगतो.

त्याआधी काही वर्षं आठवीत एक मुलगा होता. घरचे ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की आईबापाबरोबर फडावर जायचा, पाडव्याच्या सुमाराला परत यायचा. निसर्गचित्राच्या तासाला त्यानं कागदाच्या तळापासून चार बोटांवर एक आडवी रेघ मारली. रेघेवर दोन बाभळी आणि एक बैलगाडी, तीही लांबून दिसते तशी, किड्याएवढी. वर सगळा कागद फिकट निळ्या वॉशचा, म्हणजे पातळ पाणरंगाचा, आणि पाणी जास्त झाल्यानं त्यात आपोआप ढग उमटलेले. मी विचारलं, "अरे, वर एवढा कागद मोकळा का ठेवलास? डोंगर कुठंयत?" तो म्हणाला, "गुर्जी, आमच्याकडं डोंगर न्हाईत. आभाळच हाय."

मी त्याच्या चित्रावर लाल शाईनं 'अपूर्ण' असं लिहिलं आणि दहापैकी तीन गुण दिले.

पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. रुइसडालचं चित्र पुस्तकात पाहिलं तेव्हा आधी डोळ्यांपुढं आली ती ती लाल शाई. ज्या पोराला रोज पहाटे चारला उठून कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, दारातून आभाळ दिसत होतं त्यानं ते काढलं, आणि मास्तरानं ते चूक ठरवलं. ही माझी चूक मी आजवर कुठल्याही व्यासपीठावर बोललो नव्हतो.

त्यानंतर वर्गात दोन डोंगर काढणं मी बंद केलं.

इतिहासाचा पुढचा भाग थोडक्यात घेतो, वेळ कमी आहे. रुइसडालला गुरुस्थानी मानणारा इंग्लंडचा कॉन्स्टेबल १८२१-२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकाडावर नुसत्या ढगांची तैलचित्रं काढत बसायचा, आणि मागं तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवायचा. मृगाचं आभाळ वेगळं, हस्ताचं वेगळं हे आमच्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. कॉन्स्टेबलनं ते रंगांत नोंदवलं. मग १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं रंगाची पत्र्याची ट्यूब शोधली. तोवर तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. ट्यूब खिशात आली आणि चित्रकाराला बाहेर उन्हात बसणं सोपं झालं. तिच्याशिवाय मोने वगैरे फ्रेंच चित्रकार मंडळींना इतक्या मोकळेपणी शेतात जाता आलं नसतं, असं मला वाटतं.

मोनेबद्दल एकच सांगतो. १८९०-९१मध्ये त्यानं घराजवळच्या शेतातल्या गव्हाच्या पेंढ्यांच्या गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या. सकाळची, संध्याकाळची, बर्फातली. वीसहून जास्त चित्रं. आता आमच्याकडं ज्वारी काढल्यावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचून जे बुचाड घालतात ते बघा. पहाटे निळसर, दुपारी पांढरं, दिवस मावळताना जांभळं. मी पोरांना एकच बुचाड तीन वेळा काढायला लावायचो. तिसऱ्या वेळी एक मुलगी म्हणाली, "सर, सावलीला पण रंग असतोय की!" ते वाक्य ऐकायला मी ३१ वर्षं नोकरी केली असं समजा.

आणि आपला मराठी माणूस? पेशवाईच्या शेवटी-शेवटी पुण्याचा गंगाराम तांबट वेरूळला गेला आणि तिथली लेणी त्यानं चित्रांत उतरवली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराकडून तो पाश्चात्त्य पद्धत शिकत होता. वेल्स १७९५मध्ये वारला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं १८०३ साली लंडनमध्ये २४ दृश्यं छापली. मराठवाड्याचा कातळ परदेशी लोकांनी घरात बसून पाहिला तो असा.

१८५७मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं. कोल्हापूरला आबालाल रहिमान, मुंबईला हळदणकर, परांडेकर, असे निसर्गचित्रणातले मोठे लोक झाले. हळदणकरांचं जलरंगातलं पाणी बघून मी वॉश द्यायला शिकलो. पण त्या सगळ्या वैभवात कोल्हापूरची तळी आहेत, नाशिकचे घाट आहेत, कोकणचा किनारा आहे, आणि आमचा माळ फार थोडा आहे. आम्ही १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, जे. जे. इंग्रजांच्या मुंबईत, येणंजाणं कमी. हे एक कारण असावं. दुसरं मला जास्त खरं वाटतं. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ, हे इतकं पक्कं बसलंय की तिथं बघण्यासारखं काही असेल असं बाहेरच्याला वाटत नाही, आणि हळूहळू आम्हालाही वाटेनासं झालं.

येताना मी पोरांची १४ चित्रं पीव्हीसीच्या पाइपात गुंडाळून आणली आहेत. मागच्या भिंतीवर लावलीयत. एकात गोदावरीचं कोरडं पात्र आहे आणि त्यात उभा टँकर. एकात पांढरीवरची पडकी गढी. एक नुसतं आभाळ आहे, तळाशी चार बोटं जमीन सोडून. ते काढणारीला मी दहापैकी दहा दिले होते. मागं पेन्सिलीनं गावांची नावं लिहिलीयत. चहा तयार आहे असं मघापासून खुणावतायत. कप घेऊन तिकडं या. एखादा ओढा, एखादी लिंबांची ओळ ओळखीची वाटली तर मला हाक मारा. कुठल्या बाजूनं काढलंय ते सांगतो.