कुंपण आधी, खोदाई नंतर

नमस्कार श्रोतेहो. इमारत पुनर्विकासाला निघाली की बैठकीत कार्पेट एरिया, पार्किंग, भाडं यांवर तासन्‌तास चर्चा होते. फाटकाबाहेरच्या झाडाबद्दल एकच वाक्य: ‘ते तोडायचं नाही.’ तेवढ्यानं झाड वाचत नाही. बांधकामात झाड मरतं ते बहुधा मुळांपासून.

माझ्या ओळखीच्या एक शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत. त्यांच्या इमारतीचं काम सुरू होणार, त्या सकाळी काकू टेप घेऊन खाली उतरल्या. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजला, दीड मीटर भरला. त्याच्या चौपट, म्हणजे सहा मीटर दोरी घेतली, तिचं एक टोक खोडाशी धरलं आणि झाडाभोवती फक्कीनं गोल रेघ ओढली. रेघ कंपाउंडच्या बरीच आत आली. सुपरवायझर म्हणाला, “काकू, एवढी जागा अडवली तर खडी कुठे टाकू?”

काकूंनी वाद घातला नाही. खोडापासून पाच पावलांवर खुरप्यानं वीतभर माती बाजूला केली. खाली बोटाएवढी मुळं, त्यांना दोऱ्यासारख्या बारीक मुळांचं जाळं. “झाड इथून पाणी पितं. इथे डंपर उभा करणार?”

तो वाकला, हात लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पत्रे नेमके त्या रेघेवर ठोकले गेले. पुढे ड्रेनेजची लाइन तिथूनच न्यायची वेळ आली, तेव्हा जेसीबी थांबवून त्यानंच माणसं लावली. हातानं खोदून पाइप जाड मुळांच्या खालून काढला. अशा सुपरवायझरचं नाव उद्घाटनाच्या पाटीवर का नसतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर लक्षात ठेवा, कुंपण खोडापासून घेराच्या चौपट अंतरावर. बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात. वजनानं माती दबली की हवा जाते, मुळं गुदमरतात. शेंडा वाळायला दोन-चार वर्षं लागतात, मग लोक म्हणतात कीड लागली. आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दहा रोपं हा हिशेब मला मान्य नाही; मोठ्या झाडाची सावली ती रोपं कित्येक वर्षं देऊ शकत नाहीत.

पुन्हा सांगते: कुंपण आधी, खोदाई नंतर. पहिला ट्रक येण्याआधी. ही रेघ करारासोबतच्या नकाशावर काढून घ्या, आणि मिक्सर कुठे धुणार तेही त्याच नकाशावर दाखवायला लावा. सिमेंटचं पाणी मुळांत जाता कामा नये.