जहाज नंतर, आधी गाव

मंडळी, नमस्कार. जर्मनीहून जहाजाने अमेरिकेत आलेल्या पूर्वजांचा माग कसा काढायचा, हा आजचा विषय. मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुइस या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना तो परका नाही. कित्येकांच्या घरी जर्मन वंशाची सून नाहीतर जावई आहे. नातवंडांना शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगितलं की एका बाजूला आपला छापील कुळवृत्तांत असतो, सात-आठ पिढ्यांचा, आणि दुसऱ्या बाजूला "खापरपणजोबा जर्मनीतून आले" एवढ्यावरच सगळं अडतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जहाज शोधत बसू नका, गाव शोधा. जहाज सापडलं की फार आनंद होतो, मान्य आहे, फ्रेम करून भिंतीवर लावता येतं. पण अमेरिकन बंदरात १८२० पासून ज्या पॅसेंजर लिस्ट जमा होत होत्या, त्यातल्या जुन्या याद्यांमध्ये बहुतेक वेळा काय असतं? नाव, वय, धंदा, आणि देश म्हणून "बव्हेरिया", "प्रशिया" किंवा नुसतं "जर्मनी". आता जर्मनी हा एक देश झाला १८७१ ला, त्याआधी ही सगळी वेगवेगळी राज्यं, आणि त्यातला प्रशिया केवढा! तेवढ्यावरून आडनाव म्युलर असलेला माणूस कुठे शोधणार?

बरं, आडनावावरून आठवलं, हे मला बोलावंच लागेल. "एलिस आयलंडवरच्या क्लार्कने आमचं नाव बदललं." हे वाक्य मी इतक्या घरांमध्ये ऐकलंय! अहो, एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं येणाऱ्यांच्या तपासणीचं केंद्र, सुरूच झालं १ जानेवारी १८९२ ला. जर्मन लोकांची सगळ्यात मोठी लाट १८८० च्या दशकातली, म्हणजे ते लोक न्यूयॉर्कला आले असतील तर कॅसल गार्डन या आधीच्या केंद्रावर उतरले, आणि त्यातले कितीतरी बाल्टिमोरला उतरलेले. आणि जे एलिस आयलंडला आले त्यांचंही नाव तिथे कोणी नव्याने लिहून घेत नव्हतं. यादी जहाज कंपनीकडूनच यायची, इन्स्पेक्टर ती समोर ठेवून प्रश्न विचारायचा, आणि दुभाषेही असायचे. पुढे न्यूयॉर्कचे मेयर झालेले ला ग्वार्डिया तरुणपणी तिथे दुभाष्याचंच काम करत होते. श्मिटचा स्मिथ झाला तो बहुधा इथे राहता राहता, शाळेत, दुकानाच्या पाटीवर, आणि पुष्कळदा १९१७-१८ मध्ये, जेव्हा पहिल्या महायुद्धामुळे जर्मन नाव असणंच धोक्याचं झालं होतं. एप्रिल १९१८ मध्ये, आपल्या सेंट लुइसजवळच्या कॉलिन्सव्हिलमध्ये, रॉबर्ट प्रॅगर नावाच्या जर्मन माणसाला जमावाने फासावर लटकवलं. घरच्यांनी भीतीपोटी बदललेलं नाव आपण एका बिचाऱ्या क्लार्कवर ढकलतो आणि ती भीतीच विसरून जातो, हे मला फार लागतं.

आता ब्रेमेन, जिथून ही जहाजं सुटायची ते जर्मन शहर. (मला माहितीये वेळ जातोय, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.) ब्रेमेनने १८३२ पासूनच नियम केला होता की प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक जहाजाने यादी द्यायची. त्याच्या ब्रेमरहाफेन बंदरातून सत्तर लाखांहून जास्त माणसं परदेशी गेली. सत्तर लाख! आणि त्या याद्या? जागा पुरत नाही म्हणून तीन वर्षांपेक्षा जुन्या झालेल्या याद्या नष्ट करून टाकायचे, १९०८ पर्यंत हे चाललं, आणि मग उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आज साधारण १९२० ते १९३९ च्याच शिल्लक आहेत, त्याही मिठाच्या खाणीत लपवलेल्या, तिथून मॉस्कोला गेलेल्या आणि मग कितीतरी वर्षांनी परत आलेल्या. मला याचा अजूनही राग येतो. एकेका ओळीत एकेक माणूस होता, आणि ती गठ्ठ्यांनी फेकून दिली.

हॅम्बुर्ग या दुसऱ्या जर्मन बंदराच्या याद्या मात्र १८५० ते १९३४ जवळजवळ पूर्ण आहेत, पहिल्या महायुद्धाचा काळ सोडला तर. आणि त्यात राहण्याचं गाव लिहिलेलं असतं! फक्त डायरेक्ट आणि इनडायरेक्ट अशा दोन्ही याद्या बघा, कारण स्वस्तात जाणारे पुष्कळजण आधी इंग्लंडमध्ये हलला उतरून रेल्वेने लिव्हरपूलला जायचे आणि तिथून दुसरं जहाज धरायचे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. म्हणजे जे सांगायला आलो ते आता पळत पळत.

गाव सापडतं ते इथल्याच कागदात. मूळ माणसाचेच नाही, त्याच्या भावंडांचे, मेव्हण्याचे, लग्नातल्या साक्षीदारांचे सुद्धा कागद काढा. जर्मन चर्चच्या इथल्या वह्या, लग्न आणि दफन दोन्ही, जर्मन भाषेतल्या स्थानिक पेपरातले मृत्युलेख, थडग्यावरचा मजकूर. शेजारी कोण होते तेही बघा, कारण लोक एकमेकांच्या मागून येत. काल्श्टाट हे वाइनच्या मळ्यांचं एवढंसं गाव, तिथूनच केचपवाल्या हाइन्झचे वडील आले आणि पुढे १८८५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचा आजोबा फ्रीडरिश ट्रम्पही आला, तो उतरला तेव्हा त्याची बहीण आधीच न्यूयॉर्कमध्ये होती.

नावाचं एक लक्षात ठेवा. घरातली चारही मुलं योहान असू शकतात, योहान हाइनरिश, योहान गेओर्ग, आणि हाक मारायचे ते दुसऱ्या नावाने. इथे हेन्री सापडला तर तिकडे योहान हाइनरिशही शोधा. जर्मनीतल्या वेस्टफालिया भागात तर लग्न करून बायकोच्या शेतावर राहायला गेलेला माणूस त्या शेताचं नाव लावायचा, त्यामुळे बाप आणि मुलगा वेगळ्या आडनावाचे निघाले तर घाबरू नका.

गावाचं नाव मिळालं की १९१२ चं मायर्सचं गॅझेटियर, म्हणजे जर्मन गावांचा कोश, उघडा. नॉयश्टाट नावाची गावं भरपूर आहेत, त्यातलं आपलं कुठलं ते ठरवायचं आणि सरकारी नोंदणी कचेरी कुठे होती तेही त्यात मिळतं. सगळ्या जर्मनीत सरकारी जन्ममृत्यू नोंद १८७६ पासून, त्याआधी चर्चच्या वह्या. पूर्वज प्रोटेस्टंट असतील तर त्या वह्या आर्किऑन या वेबसाइटवर, पैसे भरून, कॅथलिक असतील तर मात्रिकुला या वेबसाइटवर, फुकट. सगळ्या चर्चच्या वह्या नाहीत, पण भर पडतेय. अक्षर कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीतलं, सुरुवातीला काहीच लागत नाही, महिनाभर रोज एक पान वाचा, लागायला लागतं.

प्रश्न आता घेता येणार नाहीत म्हणतायत. ज्यांच्याकडे सासरची जुनी बायबल आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर पहिली दोन कोरी पानं आधी बघा, जन्म-मृत्यू तिथेच लिहून ठेवायचे. काही सापडलं तर फोटो काढून मला पाठवा, मी वाचून देईन.