आज कोण आलंय?

श्रोतेहो, नमस्कार.

"याला आता ठाण्याला पाठवा!" हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. पुणेकर ज्या सुरात येरवडा म्हणतात, त्याच सुरात मुंबईकर ठाणं म्हणतात. 1901 सालापासून इथे मनोरुग्णालय आहे, एवढाच आमचा गुन्हा. लहानपणी पाहुण्यांना पत्ता सांगितला की ते गालात हसायचे.

हे सगळं आठवलं ते 'युनायटेड स्टेट्स ऑफ टारा' या अमेरिकन मालिकेमुळे. 2009 ते 2011 या काळात तिचे तीन सीझन आले. टारा ही कॅन्सस राज्यात राहणारी गृहिणी. लोकांच्या घरी भिंतींवर चित्रं रंगवून देते. नवरा आहे, दोन शाळकरी मुलं आहेत, आणि तिच्या आत आणखी काही माणसं राहतात. 'टी' नावाची बेताल पोरगी. अ‍ॅलिस, म्हणजे 1950 च्या दशकातल्या जाहिरातीतून उतरलेली एप्रनवाली आदर्श सुगरण. आणि बक नावाचा पुरुष, जो स्वतःला व्हिएतनाम युद्धातला सैनिक समजतो. या सगळ्या भूमिका टोनी कोलेट या एकाच अभिनेत्रीने केल्या आणि त्यासाठी तिला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. खरं सांगू का, बक झाल्यावर ती ज्या पद्धतीने खुर्चीत बसते, तेवढं पाहण्यासाठीसुद्धा ही मालिका बघावी.

पण मला धरून ठेवलं ते घरच्यांनी. आई दारातून आत आली की आधी पोरं तिचे कपडे बघतात, चाल बघतात. आज कोण आलंय? अ‍ॅलिस असेल तर ताटावर नीट बसायचं. बक असेल तर वाद घालायचा नाही. आजार बाईला, आणि त्याचं वेळापत्रक मात्र अख्ख्या घराला. टाराची बहीण तर सरळ म्हणते की हिला काही झालेलं नाही. आपल्याकडे तिचं वाक्य तयारच आहे: "नाटकं करते!"

इथे एक गोंधळ सोडवते. स्किझोफ्रेनियाला आपण मराठीत छिन्नमनस्कता म्हणतो. त्या शब्दामुळे अनेकांना वाटतं की एका माणसात दोन माणसं म्हणजेच स्किझोफ्रेनिया. तसं नाही. स्किझोफ्रेनियात भास होतात, संशय बळावतो, विचारांची सांधेजोड सुटते. टाराचा आजार निराळा. त्याला पूर्वी मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणत. 1994 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात त्याचं नाव डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर आहे. अनेकदा त्याच्या मुळाशी बालपणीचा अत्याचार असतो. मूल तो सोसू शकत नाही, मग मन तो भाग आपल्यापासून तोडून बाजूला ठेवतं. या आजारावर खास अशी गोळी नाही. मुख्य उपचार म्हणजे बोलणं, तेही वर्षानुवर्षं. आणि प्रत्यक्षात हा बदल मालिकेसारखा वेशभूषेसकट होतोच असं नाही. बऱ्याचदा शेजारच्यालाही कळत नाही. बाईला एवढंच जाणवतं की मधले काही तास हातातून गेले.

2013 च्या आवृत्तीत त्याच वर्गीकरणाने एक भर घातली: काही समाजांत हाच अनुभव संचाराच्या रूपात सांगितला जातो. म्हणजे अंगात येणं! मात्र घाई नको. परंपरेने मान्य केलेला, देवकार्यापुरता संचार हा आजार धरत नाहीत, हेही तिथेच लिहिलंय.

मला आमची काकू आठवली. खारकर आळीतलं आमचं जुनं घर. नवरात्रात आरतीची झांज वाजायला लागली की आजी मुकाट्याने हळदकुंकू, लिंबू आणि विडा ताटात काढून ठेवायची. देवघराशेजारचा स्टोव्ह उचलून मोरीत नेऊन ठेवायची, घुमताना लागू नये म्हणून. काकू केस मोकळे सोडायची. एरवी आजोबांसमोर जिचा पदर डोक्यावरून ढळत नसे, ती त्यांना अरे-तुरे करायची. एका वर्षी तिने विचारलं, "माझ्या पाटल्या कुठे ठेवल्यास रे?" आजोबांनी उत्तर दिलं नाही. आजीने पटकन विडा पुढे केला.

काकूला आजार होता असं मी म्हणत नाही. मला काय ठाऊक! पण टाराच्या घरचं जेवणाचं टेबल पाहताना मला आजीचं ते ताट दिसत होतं.

मालिकेच्या पहिल्याच भागात टारा कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःशी बोलते. आपण आपल्यातून गेलो, तर मागे काहीतरी नोंद असावी म्हणून. काकूकडे कॅमेरा नव्हता. मी होते, आठ-नऊ वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत भांडी घासताना तिने मान वर न करता विचारलं, "काल मी काही बोलले का गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

तिने पुढचं पातेलं ओढलं आणि राख घेतली.