अहवालात आपलं घर शोधताना

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावच्या वाचनालयात एक लोखंडी कपाट आहे, त्यावर 'संदर्भ' असं रंगवलेलं. कादंबऱ्यांच्या कपाटाची कडी झिजून गेली, पण ह्याची चावी शोधायलाच अर्धा तास लागतो. आत गॅझेटियर, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आणि झेरॉक्स काढून बांधलेले सरकारी अहवाल. वाळवीलाही त्यांची फारशी गोडी नसावी. पण गेल्या वर्षी किनारपट्टीच्या नकाशांची चर्चा सुरू झाली आणि मासेमारी करणारे आमचे एक काका चप्पल बाहेर काढून आत आले. म्हणाले, "मास्तरानु, ह्येच्यात माझा घर खंय आसा ता दाखवा."

'ह्येच्यात' म्हणजे सीआरझेडच्या, किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, सरकारी अधिसूचनेत. 1991 साली पहिली आली, 2011 साली दुसरी आणि 18 जानेवारी 2019 ला तिसरी. ह्या तिसरीत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पाडलेत. 2011 च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं राहतात, तिथे भरतीरेषेपासून 50 मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला सहसा मनाई असलेला पट्टा. बाकी ठिकाणी 200 मीटर.

आता 2161 हा आकडा सिंधुदुर्गाच्या शेजारी ठेवून बघा. त्याच जनगणनेत आपल्या जिल्ह्याची घनता आहे 163. लोकसंख्या 2001 मध्ये 8,68,825 होती, ती 2011 मध्ये 8,49,651 झाली. देश वाढत होता आणि आपण घटत होतो. शेजारच्या रत्नागिरीतही तेच. कारण सांगायला अहवाल कशाला हवा? माणसं मुंबईला. शिरगणती झाली फेब्रुवारीत, आणि चाकरमानी गावात येतो गणपतीला. चतुर्थीला ज्या घरात पंचवीस पानं वाढली जातात, तिथे गणना करणाऱ्याला दोन म्हातारी माणसं भेटली असतील. त्या दोघांच्या हिशेबाने आपल्या बहुतेक गावांच्या वाट्याला 200 मीटर येतात. गणती चुकली असं मी म्हणत नाही, ती नियमानेच झाली. पण गर्दी मोजून सवलत द्यायची म्हटली, की ओस पडत चाललेल्या किनाऱ्याला ती मिळायची नाही, हे त्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही. ते आपणच वाचायचं असतं.

हा 50 मीटरचा विचार आधी मांडला तो सीआरझेडचे नियम तपासायला सरकारने नेमलेल्या शैलेश नायक समितीने. तिचा अहवाल जानेवारी 2015 मध्ये सरकारकडे गेला आणि लोकांना बघायला मिळाला 2016 मध्ये, तोही माहिती अधिकाराखाली केंद्रीय माहिती आयोगापर्यंत भांडल्यावर. त्याआधी माधव गाडगीळ समितीच्या पश्चिम घाट अहवालाचं असंच झालं होतं. ऑगस्ट 2011 मध्ये तो तयार होता. आयोगाने खुला करा म्हटलं, तर सरकार दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, आणि मे 2012 मध्ये अहवाल बाहेर आला. म्हणजे डोंगराचा अहवाल आणि दर्याचा अहवाल, दोन्ही कपाटात अडकले होते. आमच्या कपाटाची चावी निदान सापडते तरी!

काकांना ह्यातलं काही नको होतं. मी नकाशा पसरला. प्रमाण 1 : 25,000, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पंचवीस मीटर. दोनशे मीटर म्हणजे अवघे आठ मिलिमीटर. मी शिसपेन्सिलीने रेघ मारली. काका वाकून बघत होते. म्हणाले, "ह्या रेघेखालीच माझी पडवी गेली." खोटं नव्हतं. बोथट पेन्सिलीची रेघ एक मिलिमीटर जाड असली, तर तिच्याखाली पडवी, तुळशीवृंदावन, विहीर सगळं जातं. म्हणून म्हणतो, असा नकाशा बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. सर्व्हे नंबर दाखवणारा गावपातळीचा नकाशा मागा.

आणि मजकुरात एक शब्द बोटाने शोधा: 'अधिकृत'. ना-विकास क्षेत्रातल्या जुन्या घराची दुरुस्ती, पुनर्बांधणी करता येते, पण ते घर अधिकृत हवं, आणि जोत्याचं क्षेत्र वाढता कामा नये. आजोबांनी चिऱ्याचं घर बांधलं तेव्हा कोणी कागद केले होते? ग्रामपंचायतीचा जुना असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टी आकारणीचा कागद, असेल तर तो जपा, 1991 च्या आधीचा असेल तर फारच उत्तम. काकांकडे निघाला. पत्र्याच्या पेटीत, बायकोच्या लग्नातल्या शालूखाली.

मग काका म्हणाले, कागद ऱ्हवांदे, चला, मोजूया. भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर चढतं ती रेषा. सरकारसाठी ती चेन्नईतल्या संस्थेने आखलीय. काका पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मला पुळणीवर घेऊन गेले आणि उधाणाने आणून टाकलेल्या काटक्या-करवंट्यांच्या ओळीवर त्यांनी खुंटी ठोकली. जाळ्याची पन्नास मीटर दोरी, चार वेळा. पहिली संपली ती होडीच्या खोपीपाशी. दुसरी त्यांच्या खळ्यात. तिसरी घर ओलांडून गेली. चौथी संपली ती मागच्या बागेत, एका वाकड्या माडाच्या बुंध्याशी.

काकांनी कोयत्याने माडावर खूण केली, दोरी गुंडाळत माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यो माड त्येंच्या रिपोर्टात आसा काय हो?"