सभेत विषय भरकटला तर...

श्रोतेहो, नमस्कार. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, म्हणून हाउसिंग सोसायट्यांत आता धावपळ सुरू होईल. नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. पूर्ण १४, बरं का. नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरायचा नाही. पण नोटीस वेळेत निघूनही सभा भरकटतेच. ती आवरायची कशी?

एका सोसायटीतला प्रसंग सांगतो. विषय क्रमांक चार, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. तीन कोटेशनं आलेली. पहिलं वाचून होतंय तोच दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. "गच्चीचं राहू द्या, कबुतरांना दाणे कोण टाकतं ते आधी सांगा!" दाण्यांवरून कुंड्या निघाल्या, कुंड्यांवरून गळणारं पाणी, पाण्यावरून गाडीच्या टपावरचे डाग. तिथून पार्किंग. आणि पार्किंग निघालं की सभा आटोपलीच म्हणायची. अध्यक्ष "विषयावर बोला, विषयावर बोला" म्हणत राहिले, तसतसा काकांचा आवाज चढत गेला. (माइकही त्यांच्याच हातात. ४० माणसांच्या हॉलमध्ये माइक ठेवूच नये. हातात आला की साधा माणूसही भाषण ठोकतो.)

शेवटी सेक्रेटरी वहिनी उठल्या. भिंतीवर कोरा चार्ट पेपर चिकटवला आणि मार्करनं ठळक लिहिलं : कबुतरांना दाणे, दुसरा मजला. "बरोबर लिहिलंय ना, काका?" काकांनी चष्मा चढवला. "सकाळी सातला टाकतात, तेही लिहा." तेही लिहिलं. काका बसले. खाली पार्किंगची ओळ आली, आणि वहिनींनी दुसरं कोटेशन वाचायला घेतलं.

तेव्हा अवांतर मुद्दा थोपवू नका, लिहा. सगळ्यांना दिसेल असा लिहा, बोलणाऱ्याच्याच शब्दांत. वहीत टिपलेलं त्याला दिसत नाही, म्हणून तो तेच पुन्हा बोलतो. मग "कुठे होतो आपण?" असं विचारू नका, चार जण चार उत्तरं देतील. थांबलात तिथलं शेवटचं वाक्य वाचा आणि पुढे चला.

कागदावरचे मुद्दे शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात घ्या. मुद्द्याला दोन मिनिटं पुरतात. उपविधींच्या, म्हणजे सोसायटीच्या नियमांच्या दुरुस्तीसारख्या, आगाऊ नोटीस लागणाऱ्या विषयांवर मात्र इथे ठराव करता येत नाही. ते पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर. आणि बटाटेवडे यानंतरच वाटा. आधी वाटलेत तर ऐनवेळचे विषय ऐकायला कमिटीच उरते, आणि हे ठाऊक असल्यामुळेच लोक चौथ्या विषयात कबुतरं घुसवतात.

कागद फाडू नका. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर लावा, प्रत्येक ओळीपुढे कमिटीतल्या एकाचं नाव आणि तारीख घालून. नाव आणि तारीख, दोन्ही.