झाडावरचा ऑक्टोपस, झाडावरचा खेकडा

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर जुन्या धाटणीचं एक संकेतस्थळ. माउसचा बाण हळूहळू खाली सरकतोय.)

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावर म्हणे एक ऑक्टोपस राहतो. समुद्रात नाही, झाडावर. शेवाळलेल्या फांद्यांवरून आठ भुजांनी लोंबकळत फिरतो आणि विणीपुरता तेवढा हूड कॅनॉल नावाच्या खाडीत उतरतो. शास्त्रीय नाव, ऑक्टोपस पॅक्सआर्बोलिस. जंगलतोडीमुळे तो नामशेष होत चाललाय, त्याला वाचवा, असं हे पान कळवळून सांगतं. १९९८ पासून सांगतंय.

हसू आलं? पान वाचणाऱ्या मुलांना नाही आलं.

२००६ साली कनेक्टिकट विद्यापीठातल्या डोनाल्ड ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या २५ विद्यार्थ्यांपुढे हेच पान ठेवलं. मुलं काही साधीसुधी नव्हती. इंटरनेटवर वाचण्यात आपापल्या शाळेत सगळ्यात तरबेज म्हणून निवडलेली होती. पंचवीसच्या पंचवीस फसली. हे सगळं बनावट आहे, असं सांगितल्यावरही काहीजण हट्टाला पेटले, की नाही, असा ऑक्टोपस असतोच!

मुलांना नावं ठेवण्याआधी पान नीट बघू या. जंगल खरं आहे. तिथला धो धो पाऊस खरा, हूड कॅनॉल खरी. त्या भागातल्या समुद्रात भलामोठा पॅसिफिक ऑक्टोपसही खराखुरा राहतो. थाप एवढीच, की त्याला झाडावर चढवला. एक खूण मात्र लेखकाने मुद्दाम सोडली आहे. या ऑक्टोपसला खाणारा प्राणी कोण, तर सॅस्क्वॉच, म्हणजे तिकडच्या दंतकथांमधला केसाळ महामानव. आपल्याकडे कुणी ‘पिंपळावरच्या खारीला मुंजा खातो’ असं लिहिलं, तर सातवीतलं पोरगंही फिदीफिदी हसेल. पण मुंजा ठाऊक असलेल्याला सॅस्क्वॉच ठाऊक असेलच असं नाही.

(दृश्य: मत्स्यालयाच्या काचेला चिकटलेला ऑक्टोपस. त्याचे चूषक अगदी जवळून.)

वर्गातला हुशार मुलगा हात वर करेल. ‘सर, ऑक्टोपसला कल्ले असतात. झाडावर श्वास कसा घेईल?’ प्रश्न बिनतोड वाटतो. थांबा जरा.

(दृश्य: पावसात निथळणारं झाड. खोडातली पाण्याने भरलेली ढोली.)

केरळ, तिरुवनंतपुरम जिल्हा. इथल्या जंगलात राहणारे काणी आदिवासी एका खेकड्याबद्दल सांगत, जो झाडावर राहतो. खेकड्यालाही कल्लेच. आता हेही खोटंच म्हणायचं? तर नाही. हा खेकडा झाडाच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात राहतो, त्यामुळे कल्ले ओले राहतात. २०१७ साली शास्त्रज्ञांनी त्याचं रीतसर वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं काणी मरंजंडू. मल्याळममध्ये मरंजंडू म्हणजे झाडावरचा खेकडा.

म्हणजे पंचाईतच झाली. दोन्ही गोष्टी सारख्याच अचाट, एक साफ खोटी, एक पक्की खरी. ‘पटतं का’ या प्रश्नाने दोघांचा निवाडा होत नाही. ‘पान छान दिसतं का’ याने तर मुळीच नाही. शाळांना वाटल्या जाणाऱ्या तपासयाद्यांची अडचण इथेच आहे. संपर्काचा पत्ता आहे का, शुद्धलेखन बरं आहे का, तारीख आहे का, अशा खुणा करत बसलं तर ऑक्टोपसवालं पान बऱ्यापैकी गुणांनी पास होईल.

निवाडा होतो तो पानाबाहेर. नवा टॅब उघडायचा आणि प्राण्याचं नाव टाकायचं. खेकड्याच्या मागे शोधनिबंध सापडतो, तो लिहिणाऱ्या माणसांची नावं सापडतात, नमुना कुठून घेतला ते सापडतं. ऑक्टोपसच्या मागे? फिरून फिरून तेच पान, आणि ‘ही थाप आहे’ असं सांगणारी बाकीची पानं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. वर्गात ही दोन मिनिटं का मिळत नाहीत, ते कोडंच आहे.

(दृश्य: शाळेची संगणक खोली. एका संगणकावर तिघं दाटीवाटीने बसलेले.)

आता जरा घरचं बघू. प्रकल्पाचा विषय, आपला राज्यप्राणी शेकरू. शोधल्यावर पहिल्याच झटक्यात जांभळ्या-निळ्या झगझगीत रंगाची खार समोर येते. मुलं हरखतात, प्रिंट काढायला निघतात. पण भीमाशंकरच्या रानात दिसणारं शेकरू असं नसतं. पाठ विटकरी-तांबूस, पोट पांढुरकं, झुपकेदार शेपटीचं टोक फिकट. दक्षिणेकडच्या रानांत त्याचे गडद रंग भेटतात हे खरं, पण इतकी जांभळी झाक बहुतेक वेळा फोटोवर नंतर चढवलेली असते.

बाई म्हणतात, ‘फोटो कुणी काढलाय बघा. कुठे काढलाय?’

तिघं पान वर-खाली करतात. नाव नाही, ठिकाण नाही. मधली मुलगी वहीत लिहिते, ‘लिहिलेलं नाही.’ आणि नवा टॅब उघडते.