पडद्यावरचं लोखंड

पडद्यावर नुसता काळोख दिसतोय ना? संगणकातलं लोखंड आहे ते. दहा लाख अणू आपापल्या जागी बसलेत, आणि जागेवर बसलेला अणू दाखवायचाच नाही, अशी सोय इथल्या या संशोधक मुलीने केलीय. जो हलेल तोच दिसेल.

आता बघा. कोपऱ्यात एक लाल ठिपका... चार... आणि हा भडका!

अणुभट्टीत हा धक्का न्यूट्रॉन देतो. संगणकात न्यूट्रॉन नाहीच. एका अणूला थेट दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा द्यायची आणि पुढचं न्यूटनच्या नियमांवर सोडायचं. लोखंडाचा अणू जागेवरून उठवायला सरासरी चाळीसेक पुरतात. म्हणजे हा धक्का केवढा, बघा.

कॅरम फुटल्यासारखं दिसतंय खरं. पण कॅरमच्या सोंगट्या परत मधल्या वर्तुळात जाऊन बसत नाहीत. हे अणू बसतात! आपल्याच घरी नव्हे हं, जे रिकामं सापडेल त्या घरी. हजारो अणू उधळले होते. दहा पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागांपैकी दहांत, जवळजवळ सगळे स्थिरावले. मागे राहिल्या तीसेक निळ्या रिकाम्या जागा, आणि तितकेच लाल, घुसखोर अणू. लोखंडात घुसखोर एकटा राहत नाही. एका जागेवर दोघं, पुण्याच्या पीएमटी बसच्या सीटवर सरकून बसावं तसे.

असं पहिलं गणित १९६० साली अमेरिकेत ब्रुकहेवनला झालं, तांब्याच्या जेमतेम पाचशे अणूंवर. पुण्याकडे तेव्हा असं यंत्र कुठलं? पुढे अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, १९८८ मध्ये इथे सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा आपला महासंगणक तयार झाला. बाहेरून विकत मिळालं असतं, तर तो झाला असता का, कोण जाणे. आज पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे.

यंत्रं आली, पण खरी मेहनत या छोट्या फाईलवर. कुठला अणू शेजाऱ्याला किती ओढतो, किती ढकलतो, ते हिच्यात लिहिलेलं असतं. सगळे तिला पोटेन्शियल म्हणतात. ती चुकली तरी चित्र इतकंच सुंदर येतं. फक्त ते लोखंडाचं नसतं.

अशा रिकाम्या जागा वर्षानुवर्षं साठल्या की भट्टीचं पोलाद ठिसूळ होतं, कधी फुगतंही.

एका धक्क्यावर भागत नाही. ऊर्जा तीच, दिशा वेगळी, पुन्हा पहिल्यापासून. पडदा परत काळा झालाय, आणि आमच्या कॅमेऱ्याची वायर तिच्या कीबोर्डवर आलीय.

“दादा, हात लावू नका हं. रन चालू आहे.”